पाळी चुकल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत: दवाखान्यात काय काय होतं

तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. शेजारीपाजारी, भिशीतल्या मैत्रिणी, लांबचे नातेवाईक यांच्यापुरती ती खुशाल पाळा. पण नात्यातल्या मुलींसोबत दवाखान्याच्या बाकावर बसून बसून मला एक दिसलंय: ही रीत डॉक्टरांनाही लावली जाते. चौथा संपत आला की मग नाव नोंदवायला निघायचं. तोवर ज्या गोष्टी पहिल्या बारा आठवड्यांतच करायच्या असतात, त्यांची वेळ टळलेली असते. म्हणून पहिलटकरणींसाठी आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या नवऱ्यांसाठी, सासवांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. महाराष्ट्रात सरकारी आणि खाजगी दोन्ही ठिकाणी साधारण काय होतं, ते यात आहे.

आधी खात्री

पाळीची तारीख उलटली की घरीच लघवीची तपासणी करा. किट औषधाच्या दुकानात मिळतं. गावात किंवा वस्तीत आशाताई असतील तर त्यांच्याकडे ‘निश्चय’ नावाचं किट फुकट मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्या, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. दुसरी रेघ फिकट आली तरी ती बहुतेक वेळा होकारच असतो. एकच रेघ आली आणि पाळी मात्र येईना, तर आठवड्याने पुन्हा करा. किट ज्या संप्रेरकावर चालतं, ते सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जातं. आज न दिसलेलं आठवड्याने स्वच्छ दिसतं.

पाळी लांबली म्हणून दुकानातून ‘पाळी आणायची गोळी’ घेऊ नका. आधी किट, मग बाकीचं.

तारीख लिहून ठेवा

दवाखान्यात पहिला प्रश्न हाच येतो: शेवटची पाळी कधी आली होती? म्हणजे ती सुरू झाल्याचा पहिला दिवस. इथे अनेकींचा गोंधळ उडतो, कारण डॉक्टर त्या दिवसापासूनच आठवडे मोजतात. त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशी हिशेबाने चार आठवडे झालेले असतात. ‘पण आम्ही तर त्या वेळी एकत्र नव्हतोच,’ असं म्हणत घाबरून जाऊ नका, मोजायची पद्धतच तशी आहे. बाळंतपणाची अंदाजे तारीख काढायला त्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. शेवटची पाळी १० मार्चला आली असेल, तर तारीख १७ डिसेंबर. एकूण साधारण २८० दिवस. पाळी दर २८ दिवसांनी नियमित येत असेल तर हे गणित बऱ्यापैकी जुळतं. अनियमित येणाऱ्यांची तारीख सोनोग्राफीवरून ठरते.

फॉलिक अॅसिड त्याच दिवसापासून

लवकर जा असं मी इतकं सांगते, त्याचं पहिलं कारण ही छोटी गोळी. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून तयार होतो, ती नळी शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्यापर्यंत मिटलेली असते. ती नीट मिटली नाही तर कण्यात किंवा कवटीत व्यंग राहतं. फॉलिक अॅसिडने हा धोका बराच कमी होतो. मात्र गोळी ती नळी मिटण्याआधी पोटात जायला हवी. चौथ्या महिन्यात सुरू केलेली गोळी या कामापुरती उशिराच आलेली असते. खरं तर मूल हवं असं ठरलं तेव्हापासूनच ती घ्यावी. रोजची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला असं व्यंग होतं, फिटचं औषध चालू आहे किंवा मधुमेह आहे, अशांना डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. तिथे स्वतः अंदाज करू नका.

दुसरी तातडीची गोष्ट म्हणजे चालू असलेली औषधं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट, फिटसाठी व्हॅल्प्रोएट, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनी बाळाला इजा होऊ शकते. यातलं काही चालू असेल तर भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उलट थायरॉइड, फिट, दमा किंवा मधुमेह यांची औषधं ‘पोटात बाळ आहे’ म्हणून मनाने बंद करणं तितकंच घातक आहे. ताप किंवा डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांना हात लावू नका.

नाव कुठे नोंदवायचं

सरकारी वाट अशी: उपकेंद्रातल्या सिस्टर किंवा आशाताई, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, गरज पडली तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. शहरात महापालिकेचा दवाखाना किंवा प्रसूतिगृह. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली पाहिजे, असा सरकारी नियमच आहे. नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, इंजेक्शनं, पुढची तारीख सगळं त्यावर चढतं, आणि पुढे बाळाच्या लसीही त्याच कार्डावर. आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि मोबाइल नंबर घेऊन जा.

बाळंतपण खाजगी दवाखान्यात करायचं असलं तरी आशाताईंकडे नाव घालाच. दोन्हीकडे नाव असण्यात काही चूक नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांसमोर ठेवायला हेच कार्ड उपयोगी पडतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी तर हे कार्ड फार मोलाचं. बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. गर्भारपणाचा मोठा भाग फडावर जाऊ शकतो. निघण्याआधी दिवस गेल्याचं कळलं असेल तर गावीच नोंदणी करून कार्ड सोबत न्या. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात ते दाखवलं की तपासणी पुढे चालू राहते, पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. राज्यात कुठल्याही सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला तपासून घेण्याचा हक्क आहे. ‘तुमचं गाव इथलं नाही’ हे कारण चालत नाही.

पहिली भेट

दीड-दोन तास हाताशी ठेवून जा. त्यातला बराचसा वेळ प्रश्नोत्तरांचा. आधी किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का, सिझेरियन झालंय का, घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, जुळी मुलं, नवऱ्याशी रक्ताचं नातं आहे का. मामेभावाशी किंवा मामाशी लग्न झालं असेल तर सांगायला संकोच करू नका. काही आनुवंशिक आजारांची तपासणी त्यावरून ठरते. आधी करून घेतलेला गर्भपात सासूसमोर सांगता येत नसेल, तर डॉक्टरांना म्हणा, ‘मला दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय.’ हे वाक्य त्यांना नवीन नसतं. चांगला डॉक्टर सोबतच्या माणसांना लगेच बाहेर बसवतो.

मग वजन, उंची, रक्तदाब. डोळ्यांची आतली बाजू, जीभ, पायावर सूज, छाती. पहिल्या भेटीत आतून तपासणी दर वेळी होतेच असं नाही. करायची असेल तर आधी का ते विचारा. तुम्ही हो म्हटल्यावरच ती व्हावी, आणि तपासणारे पुरुष डॉक्टर असतील तर खोलीत सिस्टर हवी.

धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन, ज्याला आता टीडी म्हणतात, नोंदणीच्या वेळीच मिळतं. दुसरं चार आठवड्यांनी. मागचं बाळंतपण तीन वर्षांच्या आत झालं असेल आणि तेव्हा दोन्ही घेतली असतील, तर आता एकच पुरतं.

रक्त आणि लघवी

एकदाच सुई टोचतात, पण चार-पाच नळ्या भरतात. बघून धसका घेऊ नका, सगळं मिळून दोन-तीन मोठे चमचे रक्त जातं. कशासाठी घेतात ते मात्र माहीत हवं.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात, ७ च्या खाली असेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवतात. सुरुवातीलाच कळलं तर गोळ्यांनी भरून काढायला सात-आठ महिने हाताशी असतात.

रक्तगट निगेटिव्ह आला तर नवऱ्याचाही तपासा. त्याचा पॉझिटिव्ह असेल तर बाळाचाही तसा असू शकतो. मग बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात प्रतिपिंडं तयार होण्याचा धोका असतो. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन असतं, साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. मधेच अंगावरून गेलं किंवा गर्भपात झाला तरी ते लागू शकतं. म्हणून निगेटिव्ह गट असेल तर कुठल्याही दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य तेच असू द्या.

एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी. या नावांनी घरात कुजबुज सुरू होते, तिला थारा देऊ नका. या तपासण्या सगळ्याच गरोदर बायकांच्या होतात. काही निघालंच तर औषधं वेळेत सुरू करून बाळाला बहुतेक वेळा वाचवता येतं. एचआयव्हीच्या आधी तुम्हाला सांगितलं गेलं पाहिजे, आणि निकाल तुमच्याच हाती यायला हवा.

साखरेच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. उपाशी जायची अट नाही. निकाल १४० किंवा त्याच्या वर आला तर गर्भारपणातला मधुमेह धरतात. नॉर्मल आला तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायचा असतो. पिऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर सांगा, दुसऱ्या दिवशी परत करतात. याशिवाय थायरॉइड, आणि लघवीत साखर, प्रथिनं, जंतुसंसर्ग.

आता सिकलसेल आणि थॅलेसेमिया. विदर्भात, नंदुरबारकडे, पालघरच्या पाड्यांवर सिकलसेल बराच आढळतो. सिंधी, कच्छी, लोहाणा समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त असतात, पण तो कुठल्याही जातीत सापडतो. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तिला स्वतःला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर मात्र दर बाळामागे चारात एक इतकी आजाराची शक्यता असते. तसं निघालं तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. ती करून, निकाल येऊन, पुढचं ठरवायला आठवडे लागतात. पाचव्या महिन्यात नोंदणी झाली तर यातलं फार थोडं हाती उरतं. तुमचा रिपोर्ट ‘वाहक’ आला की नवऱ्याने त्याच आठवड्यात रक्त द्यावं. ‘मला काय झालंय?’ म्हणत तो टाळत असेल तर त्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

सोनोग्राफी

पहिली सोनोग्राफी साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान होते. इतक्या लवकर पोटावरून नीट दिसत नाही, म्हणून बऱ्याचदा आतून करतात. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं आणि मुली गडबडतात. बारीक, आवरण घातलेला दांडा योनीमार्गातून थोडा आत घेतात. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. बाळाला काही होत नाही. पोटावरून करायची असेल तर लघवी भरलेली लागते, आतून असेल तर मोकळी. जाण्याआधी फोनवर विचारून घ्या.

यात चार गोष्टी बघतात: गर्भ पिशवीतच आहे ना, एक आहे की जुळे, किती आठवड्यांचा, आणि ठोके. सातव्या-आठव्या आठवड्यात बाळाची लांबी जेमतेम एक-दीड सेंटिमीटर असते. पण तारीख ठरवायला हीच लांबी सगळ्यांत भरवशाची. पुढच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीत वेगळी तारीख आली तरी पहिलीच धरायची असते, म्हणून तिचा रिपोर्ट जपून ठेवा.

माझ्या पहिल्या वेळी सहाव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत. ‘दहा दिवसांनी या,’ एवढंच सांगितलं. का, ते कुणी समजावलं नाही. ते दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. अकराव्या दिवशी पडद्यावर बारीकसं काहीतरी लुकलुकत होतं. आज त्या लेकीची उंची माझ्याएवढी झाली आहे. नंतर वाचल्यावर कळलं की तेव्हा थांबणंच बरोबर होतं. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ सात मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असून ठोके नसतील, किंवा गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी २५ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नसेल, तरच ‘वाढ थांबली’ असं म्हणतात. त्याहून लहान असेल तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. त्यामुळे पहिल्याच सोनोग्राफीवर कुणी ‘पिशवी साफ करू’ म्हणालं, तर आकडा विचारा आणि दुसरा सल्ला घ्या. जोरात रक्तस्राव नसेल तर दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही.

दुसरी सोनोग्राफी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या खिडकीत. हिला एनटी स्कॅन म्हणतात. बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजतात, आणि सोबत आईच्या रक्ताची डबल मार्कर तपासणी. डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता यातून कळते. शक्यता म्हटलं, निदान नव्हे. रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ लाल अक्षरांत छापून येतं आणि घरात रडारड सुरू होते, पण त्यातली बहुतेक बाळं पुढे निरोगी निघतात. पक्कं कळायला वारेचा किंवा गर्भजलाचा नमुना तपासावा लागतो. तपासायचं की नाही हा निर्णय तुमचा. ही खिडकी चौदाव्या आठवड्यात बंद होते.

प्रत्येक सोनोग्राफीला ओळखपत्र लागतं आणि एक फॉर्म भरावा लागतो. आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती हे विचारतात, आणि ‘मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ यावर सही घेतात. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. घरातलं कुणी डॉक्टरांना आडून विचारायला लावत असेल तर नाही म्हणा. विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

उलट्या, खाणं, विश्रांती

मळमळ सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास जोरात असते आणि बऱ्याच जणींची चौथ्या महिन्यात ओसरते. पोट रिकामं ठेवू नका. उठल्या उठल्या कुरमुरे, खाकरा, कोरडी चपाती असं काहीतरी, मग अर्ध्या तासाने चहा. डॉक्सिलामिन आणि बी-६ यांची एकत्र गोळी डॉक्टर देतात, ती सुरक्षित आहे. सहन करत बसण्यात काही पुण्य नाही. दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन घटत असेल तर सलाईनची गरज असते.

पहिल्या तीन महिन्यांत दोघांचं जेवण लागत नाही. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भ पडत नाही. कच्ची पपई तेवढी टाळा. तंबाखू आणि मिश्री मात्र आजपासून बंद. मिश्री ‘फक्त दातांना’ लावली तरी निकोटिन रक्तात जातंच.

‘बेडरेस्ट’ आपल्याकडे सरसकट सांगतात. नुसतं पडून राहिल्याने गर्भपात टळतो असं दिसून आलेलं नाही. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या गोळ्याही अशाच सरसकट लिहून देतात. आधी गर्भपात झालेला असून आता रक्तस्राव होतोय, अशा बायकांना त्यांचा उपयोग होतो. प्रत्येकीला लागत नाहीत. चिठ्ठीवर औषध दिसलं की विचारा: हे कशासाठी, आणि किती दिवस?

तारखेची वाट न बघता कधी जायचं

थोडासा तपकिरी डाग अनेकींना लागतो आणि बऱ्याच वेळा पुढे सगळं ठीक होतं, तरी फोन करून सांगा. लाल रक्त जाऊन तासाला पॅड भिजत असेल, ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ येत असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर लगेच निघा. गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत वाढत असेल तर ती नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेततं. १०८ ला फोन करा. थंडी वाजून ताप आला तरीही थांबू नका.

दिवस गेल्याचं कळलेल्या बायकांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांचा गर्भपात होतो, बहुतेक पहिल्या तिमाहीतच. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांत असतं. तिने स्कूटर चालवली, जिना चढला, हंडा उचलला, यात ते नसतं. असं झालंच तर तिला घरात हेच ऐकू यायला हवं, आणि नोकरी करणारीला कायद्याने सहा आठवड्यांची भरपगारी रजा मिळते हेही.

हे गर्भारपण नकोच असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात होतो, काही परिस्थितींत २४ पर्यंत. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काही होत नाही, आणि दुखणं-रक्त ‘गोळीचंच’ समजून जीव जातो.

पैसे

सरकारी रुग्णालयात तपासण्या, औषधं, बाळंतपण, सिझेरियन, रक्त आणि १०२ ची गाडी मोफत आहे. त्यासाठीची ‘जननी शिशु सुरक्षा’ योजना २०११ पासून चालू आहे. पहिल्या बाळासाठी पात्र असाल तर मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. पहिल्या हप्त्याला लवकर नोंदणी आणि एक तपासणी लागते. खातं तुमच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं.

बारावा आठवडा झाला की

फॉलिक अॅसिडच्या जागी लोहाच्या लाल गोळ्या सुरू होतात, रोज एक, १८० दिवस. सोबत कॅल्शियम, दिवसातून दोनदा. दोन्ही एकत्र घेऊ नका, मधे दोन तास जाऊ द्या. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौचाला काळी होईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जंताची एक गोळी दुसऱ्या तिमाहीत. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, ती कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि निघताना १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीची तारीख घेऊनच बाहेर पडा. बाळाचे अवयव तीत बघतात, आणि चांगल्या ठिकाणी तिची यादी महिनाभर आधीच भरलेली असते.